माजरीची रेंज कोणाच्या हाती?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत बोलता बोलता कॉल तुटला की शिव्या टॉवरला बसतात. पण टॉवरच्या मागे दिल्लीतली तीन कार्यालयं आहेत, आणि त्यांची कामं मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत.

१८८५च्या तार कायद्यानं तारेची, आणि पुढे टेलिफोनची, मक्तेदारी सरकारकडे ठेवली. इतरांना परवाना मिळाला तरच हा धंदा करता येई. १९९४च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि पेच झाला. परवाने देणारं दूरसंचार खातं स्वतःही फोनसेवा विकत होतं. पंचच बॅट घेऊन उभा! म्हणून १९९७मध्ये ट्राय हे नियामक प्राधिकरण आलं. २०००मध्ये तंटे सोडवण्याचं काम त्याच्याकडून काढून टीडीसॅट या न्यायाधिकरणाला दिलं गेलं. खात्याच्या फोनसेवेची बीएसएनएल कंपनीही त्याच वर्षी झाली.

आज परवाने आणि रेडिओ लहरींचा लिलाव दूरसंचार खात्याकडे, तर सेवेच्या दर्जाचे निकष ट्रायकडे आहेत. रिचार्जचे दर मात्र बहुतेक कंपन्याच ठरवतात. ट्रायला ते कळवावे लागतात.

परवान्यांसाठी देशाचे जे विभाग पाडलेत, त्या सर्कलची आखणी माजरीला नडते, असं मला वाटतं. मुंबईचं सर्कल वेगळं. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच. कॉल तुटण्याचं प्रमाण अख्ख्या सर्कलच्या सरासरीनं मोजलं, तर पुण्या-नाशिकच्या आकड्यांखाली चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल झाकलं जातं. ट्रायच्या २०२४च्या नियमांनी एक बरं केलं: कुठे कोणती सेवा मिळते याचा नकाशा कंपनीला संकेतस्थळावर ठेवावा लागतो. आपलं गाव त्यात शोधून बघावं.

वस्ती विरळ असेल तिथे टॉवर परवडत नाही. त्यासाठी वेगळा निधी आहे. कंपन्या परवाना शुल्क म्हणून समायोजित महसुलाच्या ८ टक्के रक्कम सरकारला देतात. त्या ८ टक्क्यांपैकी ५ टक्के या निधीचे. २०२३च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ केलं. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांत बीएसएनएलचे टॉवर याच पैशातून उभे राहिले. म्हणजे माजरीतल्या रिचार्जचा थोडा वाटा तिकडे पोचतोच.

तक्रारीची वाट मात्र नीट ठाऊक हवी. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यायचा. तो नसेल तर पुढचं सगळं अडतं. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ट्रायला पत्र लिहिणारे बरेच, पण एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवणं हे त्याचं कामच नाही. टीडीसॅटकडे ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटा नाही. मग एकट्यानं चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं का, यावर बरीच वर्षं वाद होता. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जाता येतं.