शेवटच्या बाकावरून सारस दिसेल का?

समजा, गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्ष्यावर स्लाईडी दाखवून दहा मिनिटे बोलण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. समोर वर्गमित्र आहेत आणि मागच्या बाकांवर गावातील काही शेतकरी येऊन बसले आहेत. यांत शेतकरी अधिक महत्त्वाचे. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तो पुष्कळदा धानाच्या बांधीतच घरटे करतो. अंडी साधारणपणे दोनच. ज्याच्या बांधीत ती आहेत त्याला तुमचे म्हणणे समजलेच नाही, तर स्लाईडींचा उपयोग काय?

पडद्यावर प्रकाशाने चित्र उमटवून गोष्ट सांगणे आपल्याकडे नवे नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि जोडीला निवेदन. चित्र पडद्यावर आणि शब्द निवेदकाच्या तोंडी, अशी ती वाटणी होती. आज संगणकावर स्लाईडी करणारे नेमकी हीच वाटणी विसरतात. सगळे भाषण पडद्यावर लिहितात आणि तेच वाचून दाखवतात! वाचलेले शब्द व ऐकलेले शब्द यांचा अर्थ लावण्यासाठी मेंदूला बऱ्याच अंशी एकच यंत्रणा वापरावी लागते. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या स्मृतीच्या प्रतिमानात शब्दांसाठी एक आणि चित्रांसाठी दुसरी अशी वेगवेगळी सोय मानली आहे. म्हणून चित्र पाहता पाहता ऐकणे सोपे जाते. एक वाचता वाचता दुसरे ऐकणे अवघड जाते.

आता अक्षरे किती मोठी हवीत, ते गणिताने काढू. निरोगी डोळ्याला अक्षर जेमतेम ओळखू येण्यासाठी त्याने डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करावा लागतो (१ अंश म्हणजे ६० मिनिटे). शेवटचा बाक पडद्यापासून ९ मीटरवर असेल, तर ही उंची सुमारे १३ मिलिमीटर येते. पण जेमतेम दिसणे म्हणजे सुखाने वाचणे नव्हे. तिप्पट, म्हणजे ४ सेंटिमीटर धरा. आपल्या लिपीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. शिवाय दोन ओळींत मोकळी जागा हवीच. म्हणजे एका ओळीला १२ सेंटिमीटर तरी लागतील. चित्राची उंची १२० सेंटिमीटर असेल, तर पडदा काठोकाठ भरूनही दहाच ओळी! सारसाच्या छायाचित्राला जागा सोडली की उरतात तीन-चार.

हे गणित टाळायचे असेल तर एक युक्ती आहे. संगणकाचा पडदा २० सेंटिमीटर उंच असेल, तर त्यापासून दीड मीटरवर उभे राहा. १२० सेंटिमीटरचे चित्र ९ मीटरवरून जेवढे दिसते, तेवढेच हे दिसेल. तेथून वाचता आले नाही, तर मागच्या शेतकऱ्यालाही येणार नाही.

अक्षरांचा हा प्रश्न कधी कधी जिवावर बेततो. जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ अंतराळयान उडताना त्याच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला. धोका किती, हे अभियंत्यांनी स्लाईडींवरून वरिष्ठांना सांगितले. एका स्लाईडचे शीर्षक धीर देणारे होते. आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने सुमारे ६४० पट मोठा आहे, ही खरी बातमी मात्र तळाशी बारीक अक्षरांत, उपमुद्द्यांच्या उतरंडीत दडली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. अपघाताचे कारण अर्थातच फोम होता, स्लाईड नव्हे. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाईडवर मुद्दाम टीका केली.

तेव्हा शीर्षकातच मुख्य गोष्ट सांगा. ‘सारसासमोरील समस्या’ असे लिहिण्यापेक्षा ‘विजेच्या तारांना धडकून सारस मरतात’ असे लिहा, आणि खाली तारांचे एकच छायाचित्र द्या.

रंगांविषयी थोडेसे. प्रक्षेपकाला काळा रंग टाकता येत नाही. जेथे तो प्रकाश टाकत नाही तो भाग आपल्याला काळा वाटतो. खिडकीतून ऊन आले की तो काळा राखाडी होतो आणि धुक्यातल्या तळ्याचे तुमचे सुंदर छायाचित्र पुसट होऊन जाते. पडद्याजवळची खिडकी तेवढी बंद करा. सगळा वर्ग अंधारा केलात तर ऐकणारे पेंगतील. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे नकोत. तांबड्या-हिरव्याचा भेदही काहींना, विशेषतः मुलग्यांना, कळत नाही.

बोलताना पडद्याकडे पाठ करा, श्रोत्यांकडे नको. नवी स्लाईड आली की दोन-तीन सेकंद गप्प राहा. लोकांना आधी पाहू द्या. आणि वीज गेली तर? दोरी आणि खडू जवळ असू द्या. जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर भिंतीला खूण करा, सारस साधारण एवढा उंच. मग दोरीने दीड-दोन मीटर व्यासाचे वर्तुळ जमिनीवर आखा: हे त्याचे मोठे घरटे. एखाद्या शेतकऱ्यालाच त्यात उभे करा आणि एवढी जागा बांधीत महिनाभर सोडल्यास किती धान जाईल, ते त्यालाच विचारा.