अडगळीतील टाइल्स आणि अष्टमंगल

गेल्या चातुर्मासात आमच्या पाठशाळेच्या महिला मंडळाने एक सुंदर संकल्प केला. पाठशाळेच्या भिंतीवर अष्टमंगलाची चिन्हे रंगीत टाइल्सच्या तुकड्यांत, म्हणजे मोझेक पद्धतीने, साकारावयाची. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मीनयुगल आणि दर्पण असे आठ फलक, प्रत्येक दीड फूट चौरस. काम मुलींनी आणि त्यांच्या मातांनी स्वहस्ते करावयाचे. मंडळाच्या शिलकीत 9,000 रुपये होते. हिशेब माझ्याकडे आला. निवृत्त बँक अधिकाऱ्यास समाज दुसरे काम सहसा सांगत नाही.

आपल्या परंपरेला ही कला नवी नाही. कोलकात्यात राय बद्रीदास यांनी 1867 साली उभारलेले शीतलनाथ मंदिर आणि इंदूरमध्ये सर सेठ हुकुमचंद यांनी बांधलेले काच मंदिर, दोन्ही काचेच्या बारीक जडावकामासाठी प्रसिद्ध आहेत. मात्र तेथे श्रेष्ठींचे भांडवल होते. येथे नऊ हजार.

छंदसाहित्याच्या दुकानात 20 मिलिमीटरच्या शंभर तुकड्यांची डबी 400 रुपयांस होती. आठ फलकांचे क्षेत्रफळ 18 चौरस फूट. सांध्यासाठी दोन मिलिमीटर जागा सोडल्यास चौरस फुटास साधारण 190 तुकडे बसतात, म्हणजे 3,420. तूटफुटीसाठी दहा टक्के धरले की 3,762. अडतीस डब्यांचे 15,200 रुपये झाले, आणि त्यात गोंद, पाट्या व सांधे भरण्याचा मसाला धरलेलाच नव्हता.

दुसरा मार्ग जलतरण तलावात लावतात त्या काचेच्या मोझेकचा. त्याचा सुमारे एक फुटाचा ताव येतो आणि त्यावर बहुधा 225 तुकडे असतात. दर तुकड्यामागे हा माल पुष्कळ स्वस्त पडतो. परंतु विक्रेता पूर्ण पेटीच देऊ पाहत होता, आणि आम्हाला तर नऊ-दहा रंग हवे होते. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट माल घेऊन उरलेला पाठशाळेच्या माळ्यावर टाकावयाचा. अपरिग्रहाचा पाठ जेथे शिकवतात तेथे हे शोभले नसते.

तेव्हा मला नोकरीतील दिवस आठवले. कॅश क्रेडिट खात्यांच्या मालतपासणीसाठी मी अनेक गोदामे पाहिली आहेत. टाइल्सच्या प्रत्येक दुकानात मागील भिंतीशी एक थप्पी असे: बंद झालेल्या रंगांच्या तीन-चार नगांच्या पेट्या, कोपरा उडालेले नग, कंपन्यांनी दिलेले जुने नमुना-फलक. मालाच्या विवरणपत्रात ही थप्पी मूळ किमतीने दाखवलेली असे आणि ड्रॉइंग पॉवर काढताना आम्ही ती वगळत असू. व्यापाऱ्याला हा व्यवहार दुहेरी महाग पडतो. एक लाखाचा माल तीन वर्षे पडून राहिला आणि कर्जाचा दर दहा टक्के धरला, तर सरळ व्याजच 30,000 रुपये होते. शिवाय जागा अडते ती वेगळीच.

समाजातील एका व्यापारी बंधूंकडे आम्ही गेलो. त्यांनी गोदाम उघडून दिले आणि ‘हवे ते न्या, पैसे नकोत’ असे औदार्याने म्हटले. मी त्यांना थांबविले. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे भेट म्हणून दिलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. त्यापेक्षा अल्प दरात, रीतसर बिलाने विकणे अधिक स्वच्छ. आम्ही 45 किलो माल किलोस 40 रुपये दराने घेतला. 1,800 रुपये अधिक जीएसटी. त्यांची जागा मोकळी झाली, आमचा संकल्प मार्गी लागला.

मात्र स्वस्त मालाबरोबर काही अडचणीही येतात. ज्या बहिणी असे काम हाती घेतील, त्यांच्यासाठी आमचा अनुभव नोंदवितो.

पहिली गोष्ट, माल निवडताना भिंतीच्या ग्लेझ्ड टाइल्स घ्याव्यात. त्या तुलनेने मऊ असल्याने टाइल-पकडीने तुटतात. विट्रिफाइड टाइल अतिशय कठीण; ती हाताने तोडण्याच्या फंदात पडू नये.

दुसरी गोष्ट, जाडी. काचेचे मोझेक साधारण चार मिलिमीटरचे, तर भिंतीची टाइल सात-आठ मिलिमीटरची. आमच्या पहिल्या फलकात दोन्ही मिसळले. पृष्ठभाग उंचसखल झाला आणि एका मुलीचे बोट कापले. त्यानंतर उलट पद्धत स्वीकारली. तुकडे कागदावर पालथे चिकटवावयाचे, वरून मसाला भरून पाटी दाबावयाची, आणि तो पक्का झाला की फलक उलटून कागद भिजवून काढावयाचा. दर्शनी बाजू सपाट येते. यासाठी मैद्याची खळ पुरते; ती ताजी करावी आणि त्याच दिवशी संपवावी. शिळ्या खळीत जीवोत्पत्ती होते, हे आपल्या घरांत सांगावयास नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उलट पद्धतीत डावे-उजवे बदलते, म्हणून कागदावरील चित्र आरशातल्याप्रमाणे काढावे लागते. कलश किंवा दर्पण यांत फरक कळत नाही. स्वस्तिक मात्र उलटे होते. आमच्या स्वस्तिकाचे सर्व तुकडे कागदावर लागल्यावर एका वृद्ध श्राविकेच्या हे ध्यानात आले. मसाला घालावयाचा बाकी होता, म्हणून दोन दिवसांच्या श्रमांवर निभावले.

चौथी गोष्ट, आरोग्य. टाइल गोणपाटात गुंडाळून फोडावी, डोळ्यांवर चष्मा असावा. यंत्राने कापावयाची झाल्यास पाणी सोडूनच कापावी. कोरड्या कापणीतील सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असते. मिस्त्रीकडून काम करून घेताना त्याच्यासाठीही हाच नियम पाळावा. अहिंसा त्याच्या श्वासापर्यंत पोहोचली पाहिजे.

सर्व साहित्यासह एकूण खर्च 7,350 रुपये झाला. पर्युषणापूर्वी आठही फलक भिंतीवर लागले. जवळून पाहिल्यास रंगांच्या छटा जुळत नाहीत, कारण तुकडे अनेक पेट्यांतील आहेत. चार पावले मागे गेले की त्यामुळेच चित्र सजीव दिसते.

टाइल्सचा व्यापार करणाऱ्या बंधूंना एक विनंती. 31 मार्चची मालमोजणी करताना मागील थप्पीकडे नीट पाहावे. हिशेबशास्त्राचा नियम आहे की शिल्लक माल मूळ किंमत किंवा वसूल होण्याजोगी किंमत, यांपैकी जी कमी तिने दाखवावा. त्या थप्पीची खरी किंमत मांडली की तिचा मोह आपोआप सुटतो. मग ‘सुटे नग, वजनावर’ अशी एक पाटी दुकानात लावावी. शाळा, पाठशाळा आणि घरोघरच्या कलावंत भगिनी तो माल आनंदाने नेतील.

आणि भगिनींनी छंदसाहित्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्याच एखाद्या काकांच्या गोदामात डोकावून यावे. बिल मात्र आठवणीने मागून घ्यावे.