धातूची जाळी आणि रक्ताचा स्वभाव

हृदयधमनीत स्टेंट बसवून घरी परतलेल्या माणसाला भेटावयास आलेले आप्तेष्ट 'चला, नळ साफ झाला' असे म्हणून त्याला धीर देतात. ही उपमा सोयीची आहे, पण फसवी आहे. नळ कशाचा आहे याच्याशी पाण्याला कर्तव्य नसते, रक्ताला असते. परक्या पृष्ठभागाशी गाठ पडली की गोठावयाचे, हा रक्ताचा स्वभावच आहे.

फुगा फुगवून धमनी रुंदावताना तिचा अंतःस्तर फाटतो. जेमतेम एका पेशीच्या जाडीचा हा थर नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन स्रवून रक्तबिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, दूर ठेवीत असतो. तो फाटताच खालचे कोलॅजेन उघडे पडते. बिंबिका तेथे चिकटतात, चकतीचा आकार टाकून काटेरी होतात आणि थ्रॉम्बॉक्सेन व एडीपी ही द्रव्ये सोडून आणखी बिंबिकांना बोलावून घेतात. इकडे धातूच्या तारांवरही रक्तातील फायब्रिनोजेनचा थर पाहता पाहता बसलेला असतो. बिंबिका त्यालाही धरतात. मग फायब्रिनचे धागे विणले जाऊन गुठळी पक्की होते. बोट कापले असता जी क्रिया आपले रक्षण करते, तीच तीन मिलिमीटरच्या धमनीत जिवावर उठते.

माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट १९८६ साली झाक प्युएल आणि उल्रिक सिगवार्ट यांनी बसविले. त्या आरंभीच्या काळातील १०५ रुग्णांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा २५ रुग्णांचे स्टेंट पूर्ण बुजल्याचे दिसले. बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच. तज्ज्ञांनी वॉरफरिनचा मारा वाढविला. त्याने रक्तस्राव वाढला, गुठळ्या थांबल्या नाहीत. १९९५ साली अंतोनिओ कोलोंबो यांनी दाखवून दिले की स्टेंट अर्धवट उघडलेला राहणे हेच अनर्थाचे एक मोठे मूळ होते. पुढे १९९८ च्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवरील रुग्णांत गुठळीचे प्रमाण ३.६ टक्के, ॲस्पिरिन व वॉरफरिनवर २.७ टक्के, तर ॲस्पिरिन व टिक्लोपिडिनवर अवघे ०.५ टक्के आढळले. शत्रू बिंबिकाच होत्या. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची वाट अडविते आणि टिक्लोपिडिन, किंवा आजचे क्लोपिडोग्रेल, एडीपीची. म्हणून गोळ्या दोन.

या गोळ्या किती दिवस घ्यावयाच्या, हा प्रश्न औषधी स्टेंटांनी अवघड केला. स्टेंटच्या आत पेशी वाढून धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून तारांवर सिरोलिमससारखे औषध लावतात. (ते मूळचे ईस्टर बेटावरच्या मातीतील जंतूंचे देणे.) पण वाढ रोखणारे हे औषध अंतःस्तराची वाढही रोखते. उघड्या तारा महिनोन्महिने रक्तात राहतात आणि वर्ष उलटल्यावरही गुठळी होऊ शकते, ही भीती २००६ मध्ये जगभर गाजली. आजच्या पातळ तारांच्या स्टेंटांत हा धोका बराच कमी आहे. नाहीसा झालेला नाही. तारांवर अंतःस्तर धरेपर्यंत ते काम गोळ्या करतात.

नेमके हेच रुग्णाला कोणी सांगत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या २,२२९ रुग्णांच्या अभ्यासात नऊ महिन्यांत २९ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली व त्यांपैकी १३ दगावले. मुदतीपूर्वी गोळ्या सोडणे हे त्यामागील सर्वांत प्रबळ कारण ठरले. बिंबिकेचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. गोळी सुटली की आठवडाभरात मोकाट बिंबिकांची नवी फौज तयार होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे उचितच झाले. परंतु जाळी स्वस्त झाली तरी तिच्याविषयीची माहिती अद्याप इंग्रजी कागदावर, घाईच्या अक्षरांत मिळते. साधारणतः स्थिर दुखण्यात सहा महिने, झटक्यानंतर वर्षभर, रक्तस्रावाचा धोका असल्यास त्याहून कमी, असा हिशेब हृदयरोगतज्ज्ञ प्रत्येकासाठी निराळा मांडतो. तो मराठीत, तारखेसह, रुग्णाच्या खिशात असावयास हवा. दात काढावयाच्या आदल्या आठवड्यात 'गोळ्या बंद करू का?' असे विचारणाऱ्याला उत्तर कोणी द्यावयाचे, त्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांकही त्यावर हवा.