हमला, बचाव, पुलिया

समोर लॉगिनचं साधं पान आहे. नावाचा रकाना, पासवर्डचा रकाना, खाली बटण. शेजारी बसलेली मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती नावाच्या रकान्यात ‘अ‍ॅडमिन’ टाइप करते, त्याला चिकटून एक एकेरी अवतरणचिन्ह, मग दोन आडव्या रेघा आणि एक स्पेस. पासवर्डच्या जागी काहीबाही. बटण दाबते आणि पान उघडतं. “अरे, गेलं की आत!” ती इतक्या मोठ्यानं म्हणते, की मागच्या रांगेतले चार जण उठून तिच्या स्क्रीनवर वाकतात.

झालं ते इतकंच. तो प्रोग्रॅम रकान्यात आलेलं नाव जसंच्या तसं उचलून डेटाबेसला सांगायच्या वाक्यात चिकटवत होता. अवतरणचिन्हामुळे डेटाबेसला वाटलं नाव इथं संपलं. दोन रेघा आणि स्पेसमुळे पुढचा सगळा भाग, म्हणजे पासवर्ड तपासण्याची अट, टिपण समजून सोडून दिला गेला. एसक्यूएल इंजेक्शन हे नाव तिनं वर्गात ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ते कळलं मात्र आज, स्वतःच्या बोटांनी.

हा ‘नल’चा हमला. नल हा संगणक-सुरक्षेत रस असणाऱ्यांचा खुला समुदाय. पुण्यात त्याचं मूळ आहे आणि आता देशातल्या अनेक शहरांत त्याच्या बैठका होतात. २०१० मध्ये त्याची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली. त्याच वर्षी गोव्यात ‘नलकॉन’ ही परिषद सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती बर्लिनलाही पोचली. परिषद मोठी आहे, जगभरातले लोक येतात. तरी मला या संस्थेचं खरं बळ तिच्या फुकट बैठकांत दिसतं. कुणीतरी खोली देतं, स्वयंसेवक येऊन एक्स्टेंशन बोर्ड अंथरतात, ‘न्यूज बाइट्स’मध्ये कुणीतरी गेल्या महिन्यातल्या सुरक्षेच्या बातम्या मांडतं, मग दोन-चार जण आपण केलेलं काम सांगतात. स्लाइड इंग्रजीत असतात, शंका मराठी-हिंदीत विचारल्या जातात.

व्याख्यानांपेक्षा वेगळी असतात ती हातानं करायची सत्रं, आणि त्यांची नावंच बोलकी आहेत. हमला म्हणजे तोडून बघणं, बचाव म्हणजे सांभाळणं. पुलिया म्हणजे छोटा पूल, नुसतं ऐकलेलं आणि करता येणं यांच्यामधला. हमल्यात प्रयोग होतात ते डीव्हीडब्ल्यूए किंवा वेबगोटसारख्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या प्रोग्रॅमवर, आपल्याच लॅपटॉपवर. दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नवख्या मुलांना हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट सांगायलाच हवं.

बचावाला गर्दी कमी होते, याचं मला वाईट वाटतं. तेच लॉगिनचं पान आता दुरुस्त करायचं असतं. वाक्यात नाव चिकटवायचं नाही, त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं पाठवायचं. मग डेटाबेस त्याला फक्त नावच समजतो, त्यात कितीही अवतरणचिन्हं असोत. दोन ओळींचा बदल. रोजच्या नोकरीत उपयोगी पडतं ते हेच.

मी ज्यात बसलो ते पुलिया पायथन या संगणकभाषेचं होतं. पाच जण, एक लॅपटॉप. एकाच्या हातात कीबोर्ड, बाकीच्यांनी सांगायचं, दहा मिनिटांनी जागा बदलायची. दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत केंट बेक यांच्या १९९९ च्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवरच्या पुस्तकानं सर्वदूर नेली. अख्ख्या चमूनं एकाच यंत्रावर बसायची पद्धत वूडी झुइल यांच्या चमूनं कॅलिफोर्नियात हंटर इंडस्ट्रीज या सिंचनाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत रूढ केली. लुवेलिन फाल्को यांचा नियम तर मला फार आवडतो. ज्याला कल्पना सुचली त्यानं कीबोर्ड दुसऱ्याकडे द्यायचा. कल्पना दुसऱ्याच्या हातांतूनच संगणकात गेली पाहिजे. मग बोलून सांगावंच लागतं, आणि बोलताना आपलीच चूक आपल्याला ऐकू येते.

सुरक्षेशी याचं नातं अगदी जवळचं आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममधली हार्टब्लीड ही चूक आठवा. पलीकडून आलेला संदेश सांगतो तेवढाच लांब आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं. त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर पाझरत होती. तीत पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्याही. २०११ च्या अखेरीस एकानं तो कोड लिहिला, दुसऱ्यानं तपासून आत घेतला, आणि एप्रिल २०१४ पर्यंत ती चूक जगभरच्या सर्व्हरांवर तशीच राहिली. दोघंही जाणकार होते. तपासणारा कोड वाचतो तेव्हा तो लिहून झालेला असतो. पाच जण एकत्र बसले की “लांबी कुठं तपासली?” हा प्रश्न ओळ लिहितानाच कुणीतरी विचारण्याची शक्यता वाढते.

पण लोक एकत्र बसवले म्हणून कार्यशाळा जमते असं नाही. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच कार्यशाळेत मी अख्खा शनिवार घालवला. व्हर्च्युअल मशीनची फाइल चार जीबीची, वायफाय एक, माणसं चाळीस. दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्यांचं डाउनलोडच संपलं नव्हतं. शिकवणारे पुढं निघून गेले आणि मागं राहिलेल्यांनी गुपचूप लॅपटॉप मिटले. त्यातले काही पुन्हा कुठल्याच कार्यशाळेला आले नसतील, ही हळहळ मला आजही आहे.

यावरचे उपाय साधे आहेत आणि कुणीतरी आधीच शोधून ठेवलेत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सॉफ्टवेअर कार्पेंट्री सुरू केली. तिच्या वर्गांत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या मिळतात. काम झालं की लॅपटॉपच्या झाकणावर एक लावायची, अडलं की दुसरी. हात वर करून सगळ्यांदेखत “मला येत नाही” म्हणावं लागत नाही, आणि मदतनीस लांबूनच ओळखतो. शिकवणारा स्लाइड दाखवत नाही, सगळ्यांसमोर कोड टाइप करतो. चुकतो, दुरुस्त करतो, आणि शिकणाऱ्यांना ती दुरुस्ती बघायला मिळते. सोबत फाइल भरलेले चार पेनड्राइव्ह ठेवले, तर माझा तो शनिवारही वाचला असता.

त्या दिवशीच्या हमल्यात दुपारनंतर मागच्या रांगेतल्या एका मुलाचं गाडं अडलं. अवतरणचिन्ह टाकलं की नुसती चूक दिसायची. शेजारची ती मुलगी उठून त्याच्याकडे गेली, खुर्चीमागं उभी राहिली आणि विचारलं, “रेघांनंतर स्पेस दिलीस का?” त्यानं दिली नव्हती. त्यानं ती टाइप केली. तिनं हात मागं बांधूनच ठेवले होते.