नेत्याच्या शब्दाला वजन कुठून येतं? वर्ध्याची साक्ष

नेत्याचा सच्चेपणा भाषणावरून कळत नाही. तो जे मागतो त्याची झळ आधी कुणाला बसते, एवढं पाहिलं तरी पुरे. वर्धा जिल्ह्यात ही पारख करायला जुन्या नोंदी भरपूर आहेत.

घरचं देऊळ

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांच्या घराण्याचं. अस्पृश्यता निवारणाचे ठराव तेव्हा सभांमधून होत होतेच. पण जुलै 1928 मध्ये जमनालालजींनी विश्वस्तांचं मन वळवून हे देऊळ दलितांना खुलं केलं. सनातनी मंडळींचा रोष ओढवला, तोही परक्यांचा नव्हे, स्वतःच्या समाजाचा. घरच्या विहिरीही त्यांनी खुल्या केल्या. असहकाराच्या काळात ‘रायबहादूर’ किताब परत करणाऱ्या या माणसाकडे काँग्रेसची तिजोरी वर्षानुवर्षं राहिली, यात मला नवल वाटत नाही.

सुरगावची सफाई

विनोबांचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं, कारण त्यात ना सोहळा होता ना गर्दी. 1946 नंतर ते पवनारच्या आश्रमातून जवळच्या सुरगावला रोज पायी जात. खांद्यावर फावडं. लोकांनी उघड्यावर केलेली घाण उचलायची, मातीआड करायची आणि परतायचं. ऊन असो की पाऊस, खाडा नाही.

एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला. विनोबा काठावर थांबले आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून म्हणाले, देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा सफाईवाला आला होता, पुरामुळे पोचू शकला नाही. काय सांगशील, असंही विचारून घेतलं. तो म्हणाला, बाबाजी आले होते असं पुजाऱ्याला सांगतो. विनोबांनी त्याला तिथेच दुरुस्त केलं : बाबाजी नव्हे, सफाईवाला, आणि पुजाऱ्याला नव्हे, देवाला. बघायला कुणी नसतानाही हजेरी लावायची आणि ती मोठेपणाच्या नावानं लावायची नाही, हे त्या दुरुस्तीत आहे.

मागण्याचा हक्क

पुढे पवनारलाच त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा आधार सोडायचा, बैलाविना शेती करायची, विहिरीचा रहाट माणसांनी फिरवायचा. त्यानंतर 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी त्यांनी जमिनीचा प्रश्न टाकला आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले. मागणाऱ्याच्या हाताला मातीचे घट्टे होते. मला तरी भूदानाची सुरुवात या घट्ट्यांपासून मोजावीशी वाटते.

सच्चा माणूसही चुकतो

सचोटी म्हणजे अचूकपणा नव्हे, हे मात्र विसरू नये. 1975 मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबा मौनात होते. त्यांनी लिहिलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्द सरकारनं पाठिंबा म्हणून मिरवला. भूदानासाठी जीवनदान दिलेले जयप्रकाश नारायण तेव्हा अटकेत होते. विनोबांना ‘शिस्त’ अभिप्रेत होती ती आचार्यांची, सत्तेची नव्हे, असा खुलासा पुढे झाला. तो प्रामाणिक होता असं मी मानतो. पण तुरुंगातल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्य संमेलन भरलं. परिस्थिती पूर्वपदावर आणा, असं तिथून सांगितलं गेलं. सरकारनं ते मनावर घेतलं नाही.