खाडीपलीकडचे दप्तर : भिवंडीचे आरमार आणि पोर्तुगीज कागद (लेखांक सहावा)

स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषा बोलणाऱ्या समाजांचा अभ्यास विद्यापीठांत कसा उभा राहिला, हे मागील लेखांकात पाहिले. भाषा, वाङ्मय, इतिहास, अर्थव्यवहार, धर्मजीवन आणि लोकरीती यांची वेगवेगळी दालने न करता एकाच समाजाचे अंगोपांग म्हणून ती एकत्र अभ्यासणे, यालाच आंतरविद्याशाखीय पद्धती म्हणतात. पोर्तुगीज भाषक जगापुरत्या अशा अभ्यासाला ‘लूसोफोन अभ्यास’ असे नाव आहे आणि आजच्या पोर्तुगालचा बराचसा प्रदेश ज्यात येत असे त्या लुसितानिया या प्राचीन रोमन प्रांतावरून ते पडले आहे. हा विषय लिस्बन, माद्रिद किंवा ब्राझीलपुरता आहे, असा समज सहज होऊ शकतो. मात्र उत्तर कोकणाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास या अभ्यासावाचून अपुरा राहतो आणि भिवंडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. वसई, साष्टी, मुंबई, चौल, दमण आणि दीव ही ठाणी पुढे ‘उत्तर प्रांत’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि वसई हे त्यांचे मुख्य केंद्र झाले. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता. पोर्तुगालचा कारभार स्वतंत्र राहिला, तरी वसईच्या कप्तानाचा अंतिम धनी माद्रिदमध्ये बसत असे. त्यामुळे त्या साठ वर्षांपुरता तरी वसईचा इतिहास स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही जगांत एकाच वेळी मोडतो, आणि या दोन भाषांचा अभ्यास जोडीने का करावा लागतो, याचे एक कारण याच किनाऱ्यावर सापडते.

खाडीच्या वरच्या अंगाला असलेली भिवंडी आणि कल्याण ही बंदरे मात्र पोर्तुगीज अमलाबाहेर होती. ती आधी निजामशाहीत आणि 1636 च्या तहानंतर आदिलशाहीत गेली. तरीही भूगोलाने त्यांना पोर्तुगिजांशी बांधून ठेवले होते, कारण उल्हास नदीच्या पात्रातून समुद्राकडे निघालेल्या गलबताला ठाण्याच्या बाजूने जायचे असो किंवा घोडबंदरावरून वसईच्या मुखाकडे, पोर्तुगीज चौक्यांच्या नजरेखालूनच जावे लागे. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, तेव्हा स्वराज्याला प्रथमच या खाडीचा काठ आणि जहाजबांधणीला योग्य अशी जागा मिळाली, आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ येथूनच झाला, असे इतिहासकार मानतात.

या आरंभाचा समकालीन पुरावा प्रामुख्याने पोर्तुगीज दप्तरात आहे. ऑगस्ट 1659 मध्ये गोव्याच्या शासनाने पोर्तुगालच्या राजाला कळवले, की शहाजीच्या पुत्राने वसई आणि चौलच्या शेजारचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे तो लढाऊ जहाजे बांधत आहे, आणि ती समुद्रावर येऊ नयेत यासाठी वसईच्या कप्तानाला ताकीद दिली आहे. या कामावर खुद्द पोर्तुगीज कारागीर होते, असेही तेच दप्तर सांगते. रुई लेइतांव व्हिएगस हा त्यांचा प्रमुख होता आणि जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध वापरायची ‘सांगिसेल’ जातीची छोटी लढाऊ तरांडी त्यांच्या देखरेखीखाली तयार होत होती. हे आरमार उभे राहिले तर उद्या पोर्तुगिजांच्याच किनाऱ्याला धोका होईल, हे वसईच्या कप्तानाने ओळखले आणि व्हिएगस व त्याच्या माणसांना काम सोडण्यास राजी केले. ती मंडळी निघून गेली, पण आरमार थांबले नाही.

एवढा एक प्रसंग नीट समजून घ्यायचा म्हटले, तरी एका शास्त्राने भागत नाही. सतराव्या शतकातील पोर्तुगीज हस्ताक्षर, त्यातील संक्षेप आणि बदलती वर्णलेखनपद्धती वाचण्यासाठी पुरालिपिवाचन, म्हणजे जुनी लिपी लावण्याची विद्या, अवगत असावी लागते. भिवंडी, कल्याण ही नावे त्या कागदांत वेगळ्याच रूपांत येत असल्यामुळे ती ओळखायला स्थानिक भूगोल आणि मराठी भाषा यावी लागते. जहाजांच्या जाती कळण्यासाठी नौकाशास्त्र लागते. पोर्तुगीज सत्ता एवढी सावध का होती, याचे उत्तर 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना डचांनी जिंकून घेतले, या सागरी इतिहासात मिळते. आणि पोर्तुगीज प्रजाजन परधर्मीय राजाच्या चाकरीत का शिरत, हा प्रश्न सुटण्यासाठी वसईच्या समाजरचनेचा व अर्थव्यवहाराचा अभ्यास आवश्यक ठरतो.

हे काम मराठी वाचकांसाठी ज्यांनी केले, त्यांत पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (1894–1969) यांचे स्थान सर्वांत वरचे आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख म्हणून काम करताना त्यांनी हजारो कागद तपासले, राज्यमंडळाच्या ठरावांचे खंड संपादित केले आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवर मूलगामी लेखन केले. त्यांच्या आधी जुझे जेर्सन द कुन्हा यांनी 1876 मध्ये चौल व वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला होता. ज्या दप्तरावर पिसुर्लेकरांचे संशोधन उभे आहे त्याची स्थापना 1595 मध्ये झाली आणि दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला दप्तरदार होता. पावसाळी वाऱ्यांच्या वेळापत्रकाने गोवा आणि लिस्बन यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या पत्रव्यवहाराचे ‘मॉन्सून ग्रंथ’ आणि शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ‘शेजारी राजे’ हे संग्रह आजही पणजीत आहेत.

कागदांबरोबर जिवंत समाजही या अभ्यासाचा विषय असतो. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीजपासून उपजलेली संकरभाषा बोलतो. संकरभाषा म्हणजे दोन किंवा अधिक भाषांच्या दीर्घ सहवासातून जन्मलेली आणि पुढच्या पिढ्यांची मातृभाषा झालेली भाषा. 1740 मध्ये तेथील पोर्तुगीज अंमल संपल्यावरही ती टिकली, आणि शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज असूनही तिच्यातील क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात स्पॅनिश आणि पोर्तुगीज विषयांचे अध्यापक होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे: कोकणातल्या एका गावाची बोली समजून घ्यायला मराठीचे आणि इबेरियन भाषांचे ज्ञान सारखेच लागले.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि लूसोफोन अभ्यासाचे शिक्षण उपलब्ध आहे. पण पणजी आणि लिस्बनच्या कपाटांत असलेला उत्तर कोकणाचा इतिहास वाचायचा, तर ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी या विद्येकडे वळले पाहिजे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेची मराठी पत्रे मोडीत आहेत आणि शत्रुपक्षाची कैफियत पोर्तुगीजमध्ये आहे. दोन्ही लिपी ज्याला लागतात त्यालाच तो वेढा दोन्ही बाजूंनी पाहता येतो. आरमाराच्या आरंभाचा अभिमान मराठी समाजाला रास्तपणे वाटतो. तो आरंभ ज्या कागदांत नोंदलेला आहे ते वाचणारी माणसे तयार करणे, हे त्या अभिमानाचेच कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्याची सुरुवात भिवंडीतून झाली तर त्यात मोठे औचित्य आहे.

(पुढील लेखांकात : 1554 मधील सिमांव बोतेल्यु यांची महसूलवही आणि वसई प्रांतातील जमीनधारा)