नाग नदीचा अभ्यास

नागपूरच्या धंतोलीजवळून नाग नदी वाहते. शहरास नाव देणारा हा प्रवाह पुष्कळांस निव्वळ नाला वाटतो. भूगोलाच्या प्राध्यापकास तो तसा दिसत नाही. जमिनीचा उतार, पात्राची रुंदी, पावसाची नोंद यांचे मोजमाप तो वर्षानुवर्षे करितो आणि विद्यार्थ्यांस काठावर नेऊन तेच शिकवितो. काम मोठे कंटाळवाणे खरे! परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी घरांत शिरले. डांबर व फरसबंदीने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते एकदम नदीकडे धावते. म्हणून अशा प्राध्यापकाच्या नकाशात नदीच्या रेषेइतकीच तिच्या पुराची हद्दही काळजीपूर्वक आखलेली असते.